खिसे

धुण्याआधी खिसे तपासायचे, ही माझी नोकरी.
फुटबॉलमधलं मला फार कळत नाही.

न्ताते सेखोन्याना पहिल्यांदा आले तेव्हा
ट्रॅकसूटच्या खिशात खडू निघाला.
मासेरूच्या शाळेत गणित शिकवायचे ते;
शाळेनं रजा दिली होती, राजीनामा मागितला नव्हता.
सगळ्यांनाच वाटलं, चार महिन्यांचं काम.

मग खडे. अकरा. नदीतले, गुळगुळीत,
पाच काळसर, सहा मातकट.
बसमध्ये मांडीवर ब्लँकेट ताणून
त्यावर ते बचावफळी मांडायचे
आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला
डावा बचावपटू घरंगळून सीटखाली जायचा.
"मैदानावरही हेच करतो," म्हणायचे, आणि वाकून शोधायचे.

सात-शून्य हरलो त्या रात्री खिशात काही नव्हतं.
नुसतं अस्तर, बाहेर ओढलेलं.

त्यांना काढलं. रेडिओवर आधी मी ऐकलं, मग त्यांनी.
परदेशी प्रशिक्षक आला, त्याच्या खिशात हॉटेलच्या चाव्या.
तो गेला. न्ताते परत आले.
पुन्हा काढलं. पुन्हा बोलावलं.
छातीवरचं नाव मी इतक्यांदा उसवलं, शिवलं
की तिथलं कापड जाळीसारखं झालं.

एकदा जिंकलो.
शेजारच्या मोठ्या देशाशी, एक-शून्य, त्यांच्याच मैदानात,
ज्यांच्या खाणीत माझा नवरा आणि न्तातेंचे वडील
वेगवेगळ्या वर्षी खाली उतरले होते.
त्या दिवशी खिशात पेपरमिंटचा कागद,
घडीवर घडी घालून नखाएवढा केलेला.
नव्वद मिनिटं माणूस तेवढंच करत बसला असणार.

या हिवाळ्यात संघटनेचं पत्र आलं. आभाराचं.
ट्रॅकसूट त्यांनी स्वतः आणून दिला,
बाह्या आत दुमडून, दुकानात ठेवतात तसा.
"खिसे बघितलेत," म्हणाले.
गणिताचे मास्तर. मी विश्वास ठेवला.

मशीन फिरायला लागलं आणि आत काहीतरी
खडखडत राहिलं, थांबेचना.

मातकट. एका कडेला टवका उडालेला.
मी लगेच ओळखला त्याला.

नेऊन द्यायला हवा. त्यांचं घर दोन टेकड्यांपलीकडे.
पण धुण्याच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं,
सध्या तोच ते अडवून धरतो.
जागेवरून हलत नाही.