जवळपास

पेनिशच्या बंदरात दगडी बंधारा संपतो
तिथे लाट मान वळवते,
आणि कोणी बोलावलं नव्हतं तिथे आत शिरते.

देओलिंदा वरच्या खोलीत हेच मांडत बसली आहे,
प्रकाशासाठी लिहिलेल्या समीकरणात समुद्र भरून.
पात्याच्या धारेवरून उजेड सावलीत पाझरतो
तसंच पाणी;
फक्त तरंगलांबी केसाच्या शंभराव्या हिश्शाऐवजी
शंभर मीटर.

अख्खं समीकरण सुटत नाही.
मग ती धरून चालते: लाट मुख्यतः पुढेच जाते,
जाता जाता फार सावकाश बदलते,
म्हणून हे एक पद लहान, गाळू या.
पेन्सिलीची आडवी रेघ.

(तिच्या आईनेही अशीच रेघ मारली होती.
फ्रान्सला गेलेल्या नवऱ्याची पत्रं विरळ होताना
म्हणायची, या महिन्याचं राहिलं असेल,
एवढं काय त्यात.)

उत्तर देखणं येतं.
सावलीच्या रेषेवर लाट बरोबर निम्मी,
रेषेच्या थोडं बाहेर मूळ लाटेहूनही उंच,
आणि आत, भिंतीच्या कुशीत,
जवळपास शून्य.

बेल्मिरू नकाशा उलटा धरतो, मग सुलटा.
शून्यावर बोट टेकवतो; नखाला सार्डिनचा खवला.
"इथे मी होडी बांधत नाही."
का?
"दोर झिजतो."
किती?
खांदे उडवून म्हणतो, "हिवाळ्याला एक."

रात्री ती एकटीच खाली जाते.
खुंट्याला दोर, दोराला तळवा.
पाणी काचेसारखं. काहीच नाही.
मग एक ओढ, अगदी हलकी,
झोपेतल्या मुलाने बोट धरावं तशी.
बारा सेकंदांनी पुन्हा.
ती चाळीसपर्यंत मोजते, मग मोजणं विसरते.

सकाळी कागदावर काही खोडत नाही.
खाली बारीक अक्षरांत लिहिते:
कोन लहान असेल तरच खरं.
भिंतीला बिलगून आत जाणाऱ्या लाटेचा कोन
लहान नसतो.

माझ्या भाषेत अंदाजाला जवळपास म्हणतात,
आणि आसपासच्या चार घरांनाही;
म्हणजे चूक किती, हे विचारायला
चपला घालून जावं लागतं.

मार्चमध्ये बेल्मिरू वर येतो, बोलत नाही,
तिच्या कागदांवर दोराचा एक तुकडा ठेवतो,
मधोमध तीन धागे उरलेला.

ती पट्टी शोधते.