प्रकार

फॉर्मवर एक रकाना होता : संगीतप्रकार.
खाली यादी, त्यातलं एकच निवडायचं.
मी बाहेर येऊन विचारलं, काय लिहू?
बस्त्याव सोज व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होता,
मान वर न करता म्हणाला,
"खतखतां लिव. तिरफळ घालून."

सव्वीस माणसं.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर बंद पडलेला बर्फाचा कारखाना,
भिंतींत अजून अमोनियाचा वास,
आणि एक टाळी वाजवली की चार सेकंद
परत परत येत राहणारी टाळी.
घुमारा मोडायला तांडेलांनी जाळी आणून टांगली,
निळी, नायलॉनची, बारा वाव.
जाळ्यातून आवाज सुटतो, मला ठाऊक होतं.
म्हटलं, असू देत.
बांधताना त्यांचे हात सोलले होते.

पहिला दिवस नुसता सूर लावण्यात गेला.
दशावताराची पेटी खाऱ्या हवेनं फुगलेली,
काळी दोन म्हणायची आणि जरा अलीकडेच बसायची,
दमलेल्या पाहुण्यासारखी.
व्हायोलिनला इगर्जीतल्या ऑर्गनची शिस्त.
लग्नाच्या बँडमधला ट्रॉम्बोन कुणाचंच ऐकेना.
आणि रत्नागिरीहून आलेले दाऊद होडेकर
शेगडीवर डफ शेकत शांतपणे म्हणाले,
"चामड्याला ऊन लागलं की सूर आपोआप चढतो.
तुम्ही दुपारी या."
हे सगळं जिनं जमवलं ती सुलक्षणा वालावलकर
वही मिटून जेट्टीवर जाऊन बसली.
तिथे मांजरं होती, बांगड्याची डोकी होती,
सूर कुणालाच नको होता.

चौथ्या तुकड्यात काय होतं ते सांगतो.
तळाला भजनाचा ठेका, पण ड्रमसेटवर.
त्यावर डफाचा सात मात्रांचा उलटा डाव.
संकासुर येतो तेव्हाची झांज.
लॅपटॉपमधून लाँचच्या इंजिनाची धडधड,
हळू केलेली, इतकी हळू
की कुणीतरी शेजारी झोपलंय असं वाटावं.
आणि मध्ये बाबल पालव, मृदंग.
वय त्याला विचारायचं नाही.

अकरा वेळा फसलं.
बाराव्यांदाही सगळे एका जागी पोचले नाहीत,
पण सगळे एकाच जागेकडे निघाले,
आणि समेच्या अर्धी मात्रा आधी
बाबल खोकला.

रात्री मी तो खोकला पुसला.
एक रेघ, एक बटण.
आणि मग सम आली ती
पायरीच नसलेल्या दारासारखी.
परत ठेवला.

बाबलला कळलं तेव्हा भडकला.
"माजो खोकलो कित्याक इकतास?
इकतलस तर त्याचे पैशे वेगळे."
दिले. शंभर रुपये.
पावतीवर लिहिलं : खोकला, एक नग.

रकान्यात शेवटी मी "इतर" निवडलं.

तुळसला त्याच्या खळ्यात गेलो ऐकवायला.
हेडफोनचं एक बोंड त्यानं कानात घातलं,
दुसरं मला परत दिलं.
"ह्या कानान म्हस येता काय बगूचा असा."
अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.
खोकला आला, गेला, मान हलली नाही.
पण बोटं मांडीवर चालली होती,
डाव्या हातात होडेकरांचे सात,
उजव्यात त्याचं स्वतःचं काहीतरी,
जे चौथ्या तुकड्यात नाही,
कुठल्याच तुकड्यात नाही.
आणि माझ्याकडे माईक नव्हता.

मग गडग्यापलीकडे घंटा वाजली.
तो उठला, बोंड कानातच,
वायर ताणली, सुटली.
बाबल म्हशीमागे गेला, ह्याऽऽ ह्याऽऽ करत,
आणि पाचवा तुकडा
माझ्या खिशात वाजत राहिला.