इंजिन थंड होईपर्यंत

बॉनेटवर हात ठेवला आणि मल्लेशामनं चटकन मागं घेतला.
"गरम आहे की हो, बाई.
आपण यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवली."
हत्तुरे शेठ म्हणाले, ऊन बघा की, त्रेचाळीस आहे आज,
अक्कलकोट रोडवर लोखंड गरमच असणार.
मल्लेशाम बोद्दूल, एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं,
पायरीवर बसला. "थंड होऊ दे. मग चावी."

म्हणून आम्ही सोलापुरात, मे महिन्यात,
एक इंजिन थंड व्हायची वाट बघत बसलो.

गाडी म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर.
साल बहात्तर. कुणा मिलमालकाची हौस:
सागवानी कपाट, पितळी कड्या, दोघांचा पलंग,
आरशाभोवती कोरलेला द्राक्षाचा वेल.
शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना
मी एक नालचुंबक घरी आणला होता
(चोरी नव्हे, यादीतून बाद झालेला).
तो पर्समधून काढून पत्र्याला लावत निघाले.
चिकटला. चिकटला. चिकटला.
मागच्या चाकाच्या कमानीवर सुटला, पायावर पडला.
"तिथं पत्रा नाही, लांबी आहे," मल्लेशाम बसल्या जागेवरून.
वीतभर पुढं पुन्हा पडला.
शेठ मोबाइलमध्ये बघू लागले.

टायर नवेच, म्हणाले. नक्षी खोल होती खरी.
पण कडेला चार आकडे: बाविसावा आठवडा, साल अकरा.
भेगांत नख जात होतं.

सिंकखालचं लिनोलियम पावलाखाली दबलं.
ओल.
ज्या शहरात नळाला पाणी चार दिवसांआड
तिथं या एका गाडीत बारमाही ओल!
टाकी शंभर लिटरची. मी मनात मोजू लागले,
एक अंघोळ, भांडी, दोनदा चहा,
घरापेक्षा बरंच की.
मग स्वतःवरच चिडले.
घ्यायला आलेल्या माणसानं असलं मोजू नये,
चेहऱ्यावर दिसतं.

पडदे मालकांच्याच मिलचे, शेठ म्हणाले,
आता असं कापड कुठं मिळतंय.
मल्लेशामनं एक दोरा ओढला, काडी लावली.
काळी टणक गोळी झाली.
"पोलिस्टर. मिल बंद पडल्यावरचं."
त्याचे वडील मागावर होते. अजून काही बोलला नाही.

कपाटाच्या दाराआड पेन्सिलीची अक्षरं:
गोकर्ण, मार्च, जाऊन आलो.
उटी, मे. संप. रद्द.
काश्मीर पुढल्या वर्षी.
त्याखाली फक्त "पुढल्या वर्षी",
तीन वेळा, तीन वेगवेगळ्या पेन्सिलींनी.

मीटरवर अकरा हजार चारशे.
मी म्हटलं, कमी चाललीय, चांगलंच आहे ना?
मल्लेशाम गाडीखालून बाहेर आला,
तळहातावर गंजाचे पापुद्रे, भुईमुगाच्या सालींसारखे.
"चालून झिजलेलं नीट करता येतं, बाई.
उभं राहून जे जातं ना..."
मी उठले तेव्हा गुडघा वाजला.
त्याला ऐकू आलं. भला माणूस, दुसरीकडं बघितलं.

चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली.
सहा की आठ, शेवटपर्यंत कळलं नाही.
आरसीवर गाडी पांढरी, समोर निळी.
मध्ये एकदा ताक आलं.

सहाच्या सुमाराला त्यानं बॉनेटवर हात ठेवला
आणि ठेवूनच राहिला.
चावी. काही नाही.
चावी. एक खोकला.
तिसऱ्यांदा सगळी कपाटं एकदम बोलू लागली
आणि मागं निळा धूर.
मल्लेशाम आकडे मोजत होता, तेलुगूत.
पद्नालुगूला धूर पातळ झाला.
"रिंगा गेल्यात. पण इतक्यात मरत नाही."

"साडेनऊ लाख," शेठ म्हणाले.
मी पलंगावर बसले होते. सागवानातून थरथर
बांगड्यांत चढत होती,
आरशात द्राक्षं हलत होती, त्यांच्यामध्ये माझं तोंड.
"चार," मी म्हटलं.
शेठ हसले. मल्लेशाम जमिनीकडं बघत राहिला.
"चार," मी पुन्हा म्हटलं,
खाली न उतरता.