बिनशिवीचं पत्र

शिरोलीच्या शेडमध्ये
भट्टीच्या आधी जिनाप्पाअण्णा तापतात.
खुर्ची ओढतात, माझ्याकडं न बघता म्हणतात,
"लिव्ह गं, त्या हुबळीच्या बसलिंगाला.
चार म्हैनं झालं, बिल गिळून बसलाईस.
दोनशे पंपबॉड्या न्हेलास,
वर साधा ढेकर दिला न्हाईस!"

एकोणीस वर्षं हेच करत आले.
ऐकायचं एक, टंकायचं दुसरं,
आणि मधल्या जागेत माझा पगार.
शिव्या गाळायच्या, पण सगळ्या नाही.
भातात एखादा खडा राहू द्यायचा,
म्हणजे खाणाऱ्याला कळतं
घरात कुणीतरी रांधलंय.

दिवाळीनंतर अक्षतानं, अण्णांच्या धाकटीनं,
मशीन आणून जोडून दिलं.
आता अण्णा थेट त्याच्या कानात बोलतात,
नसलेल्या कानात,
आणि बोलून तोंड मिटेपर्यंत
शिवी इस्त्री होऊन पडद्यावर येते:
*आपल्या दीर्घ सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.
एका छोट्याशा प्रलंबित बाबीकडे
आपले लक्ष वेधू इच्छितो.*
इंग्रजीत पाहिजे तर इंग्रजीत. कानडीतसुद्धा.
कानडी बघून अण्णा गप्पच झाले,
मग म्हणाले, "माझी आई बोलायची की गं हे."

खोटं कशाला बोलू,
मी चष्मा पुसून पुसून चूक शोधली.
नव्हती.
साच्यातून निघालेला माल, एक ब्लोहोल नाही.
माझ्या पत्रांत असायची.
'दिरंगाई' मी जन्मभर 'दीरंगाई' लिहिली
आणि कुणी बोललं नाही.

हुबळीहून उत्तर आलं. तेवढंच गोड.
आमचं दुसरं गेलं, त्यांचं दुसरं आलं.
दोन मशीनं दारात उभी राहून
"आधी आपण", "छे छे, आधी आपण",
आणि पैसे आपले हुबळीतच.

तिसऱ्या पत्रानंतर, डब्याच्या वेळेला,
रेतीची पूड बसलेला जुना फोन वाजला.
"बाई, बसलिंगाप्पा बोलतो.
अण्णांना बरं नाही काय?"
बरे आहेत की, म्हटलं, भाकरी खातायत.
"मग रागावलेत.
तीन पत्रं झाली. एक शिवी नाही."
थोडं थांबून म्हणाला,
"माझे वडील गेले, तेव्हाच असं बोलले होते."

मी फोन पुढं केला.
खर्डा लागलेल्या हातानंच अण्णांनी तो घेतला
आणि अशी एक हाणली
की ग्राइंडरवरचा राजू वळून बघायला लागला.
(ती इथं लिहीत नाही. हाताला सवय आहे.)
पलीकडचं हसू मला टेबलापर्यंत ऐकू आलं.
मग हसू थांबलं.
मग बराच वेळ कानडी.
अण्णा नुसतं "हूं" म्हणत होते.
"थोरला? कवापास्नं?
आठवड्याला दोनदा नेतोस व्हय...
आणि लेका, सांगायचं न्हाईस?"

भाकरी वाळून गेली.
चार महिन्यांतल्या एकाही पत्रात
हे नव्हतं.
ना त्यांच्या. ना आमच्या.

संध्याकाळी अक्षता म्हणाली,
"पप्पा, हुबळीला रिमाइंडर टाकू?"
"ऱ्हाऊ दे दिवाळीपातूर."
ती म्हणाली, "असं धंदा होत नाही."
तिचंही चूक नाही.
जर्मनीची ऑर्डर याच मशीनच्या इंग्रजीनं आली,
आणि त्या ऑर्डरीतच
माझा या महिन्याचा पगार झाला.

माझं काम आता तपासणं.
दिवसाला साठ पत्रं, साठही निर्दोष.
मी वाचते, मान हलवते, बटण दाबते.
फक्त हुबळीचं पत्र स्वतः टंकते, मराठीत:
पोराची तब्येत कळवा. अण्णा विचारत होते.
पैशाची दीरंगाई चालेल, पत्राची नको.

मशीन शब्दाखाली लाल रेघ मारतं.
मारू दे.

बिल अजून यायचंय.