डावा पाय

टेबलाखाली नुत्साचा दवाखाना.
डाव्या पायाला पट्टी घट्ट,
उजवा म्हणे वाचणार नाही.

वर मी इस्त्रीच्या शर्टात
तिमाहीचा तोटा समजावतोय
सात चौकोनांतल्या सात चेहऱ्यांना.
खाली पायजमा, त्यावर लापशी.

तेवढ्यात संडासातून सांद्रो, खणखणीत :
‘मामा, झाली!’
(आमच्यात बापाला मामाच म्हणतात.)
म्यूट करायचं राहिलंच होतं.
कुणीतरी म्हणालं, अभिनंदन.

समोरच्या गॅलरीत त्सियालाबाई
चादरी काढता काढता हसतात.
तिबिलिसीत चार वाजलेत,
भिंतीवर ऊन गाजरासारखं,
आणि दोघांपैकी एकही झोपलेलं नाही.

रात्री माका येते, बूट काढते.
‘कसा गेला दिवस?’
‘एक पाय गेला.’

ती वाकून बघते :
सकाळपासून शोधत होती तो मफलर.
सोडत नाही.
गाठ तेवढी सैल करते.