दीड फूट रुंदी

दीड फूट रुंद अखंड फळी परवडली नाही.
टिंबर मार्केटातले जांगिड म्हणाले,
"नऊ-नऊ इंची दोन घ्या, ताई, जोडून टाका,"
फाटक्या ओढणीबद्दल बोलावं तसं.

पीएमटीत चढवू दिल्या नाहीत.
भवानी पेठ ते धायरी
रिक्षातून दोन्ही बाजूंना हातभर बाहेर.
स्वारगेटच्या सिग्नलला एकानं
फळीवर कोपर टेकून तंबाखू मळली.

कापडाचं मला कळतं.
शिलाईत आत अर्धा इंच माया सोडायची,
चुकलं तर उसवायचं.
लाकडात माया ठेवता येत नाही.
रंध्यानं खाल्लं ते खाल्लं.

आधी एकेक कड वेगळी रंधली,
एकीवर एक उभी करून ट्यूबलाइटपुढे धरली.
पुढून मिटलेली, मागून फट,
चाळीस नंबरच्या दोऱ्याएवढी.
पुन्हा रंधा. फट पुढे आली.
फळ्या अरुंद होत चालल्या
आणि खाली बिडकरकाकूंच्या तुळशीवर
ढलप्या पडायला लागल्या.

शेवटी जांगिडांना फोन.
"दोन्ही एकत्र मिटा, पुस्तकासारख्या,
कडा वर, आणि एकदमच रंधा मारा.
तुमचा हात तिरपा जाणारच, जाऊ दे.
एक जेवढी इकडे कलेल
दुसरी तेवढीच तिकडे.
उघडल्यावर बसतात."

बसल्या.
मी ट्यूब बंद करून
परत लावून पाहिली.

शिकंजे नव्हते.
फेव्हिकॉल बोटानं पसरला,
सुतळी तीन ठिकाणी गुंडाळली,
एकीत लाटणं, एकीत रवी,
एकीत मोडक्या गजपट्टीचा तुकडा घालून
पीळ दिला.
सांध्यातून पांढरे थेंब वर आले
कच्च्या टाक्यांसारखे, ओळीनं.
मधे फुगू नये म्हणून
मशीनचं डोकंच काढून वर ठेवलं.
रात्री पोळ्या नाहीत. भात.

सकाळी सुतळ्या सोडल्या.
बोटानं वाजवून पाहिलं,
इकडून तिकडे एकच आवाज.
मग शिफॉनची चिंधी घेतली
आणि सांध्यावरून आडवी ओढली.
गेली, गेली, गेली,
उजव्या टोकापासून वीतभरावर
एक धागा अडकला.

खडूनं तिथे फुली मारली.
पॉलिश पेपर आणायला हवा.
पण गोगटेबाईंचे दोन ब्लाउज
मंगळवारी द्यायचेत,
आणि ते सुतीच आहेत.