चार बोटं जास्त

माप घेताना मी म्हणते, गा.
मुलगी आधी हात वर करते,
शिंप्यासमोर करतात तसे.
हात नको, वरचा सा लाव.
आणि टेप तिच्या बरगड्यांभोवती सैल धरून
मी बघत राहते श्वास कुठवर येतो.

नुसतं बोलणाऱ्याला अंगाबरोबरचं चालतं.
गाणाऱ्याला चार बोटं जास्त.
हे मला यादोराव हेडाऊंच्या कातरीनं शिकवलं.
गोळीबार चौकातलं दुकान. बापाचा माग विकून
त्यांनी पहिली शिलाई मशीन घेतली होती,
आणि चिंधीसुद्धा फेकू द्यायचे नाहीत.
"उरलं का? कापू नको. आत दुमड.
कापड काही खायला मागत नाही."

मे महिना. इतवारीत दुपारी शटरं अर्ध्यावर.
राणीच्या लुगड्याचं थान दुकानात डाळिंबी,
आपल्या दिव्यांखाली मात्र विटेसारखं होईल,
म्हणून मी पर्समधून पिवळा जिलेटिन काढून
एका डोळ्यावर धरते.
"काहून बाई, ऊन लागलं काय?"
दुकानदार मठ्ठा मागवतो.
चौथं थान घेते. त्याला ते शेवाळी वाटतं.
मला माहीत आहे ते रात्री काय होणार आहे.

राणी म्हणजे संघमित्रा गजभिये,
मेयोत नर्स, रात्रपाळी संपवून तालमीला येते,
केसांना अजून स्पिरिटचा वास.
दुसऱ्या अंकात राणी रणात उतरते.
वेश बदलायला कोरसची दोन कडवी,
पेटीवाले कुकडेकाका रंगात आले तर तीन.
वेल्क्रो मी लावत नाही,
त्याची चर्र शेवटच्या रांगेला ऐकू जाते.
दाबबटणं. अंधारात बोटांना सापडतील अशी,
मागे एक दोरा सोडलेला.

जुलैत चार बोटांची तीन झाली.
मी टेप पुन्हा लावला.
"पावसाळ्यात अंग सुजतं ना मॅडम," ती म्हणाली,
नर्स असून.
मी वहीत आकडा लिहिला नाही.
घरी येऊन दोन्ही बगलांच्या शिवणी उसवल्या,
दुमडलेलं बाहेर काढलं,
जुन्या टाक्यांची भोकं वाफेनं बुजवली.
शेल्याची गाठ कमरेवरून उचलून छातीखाली घेतली.
दिग्दर्शकानं विचारलं, हे असं का?
म्हटलं, गोंड राजघराण्यात असंच बांधत.
त्यानं मान डोलावली. उद्या कुणाला सांगेलही.

मारबती निघून गेल्या, त्याच्या दुसऱ्या शनिवारी प्रयोग.
मी विंगेत, तोंडात तीन पिना,
त्यामुळे ना प्रार्थना येते ना शिवी.
वेश बदलताना तिनं माझा हात धरला,
पाठीच्या बटणावरून काढून
बाजूच्या शिवणीवर ठेवला क्षणभर.
कडवं संपत होतं. मी हात सोडवून
तलवार दिली.

शेवटची तान वर गेली,
शिवण ताणली, तटली नाही.
मग ती थांबली. पेटी थांबली.
सगळं सभागृह श्वास धरून,
तीही धरून.

आणि शेल्याखाली, डावीकडे,
कापड हललं.